तरुणाचा खुबा आणि दुकानाची घाई

खुब्याचे हाड मोडले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्हाणीघरात घसरलेल्या आजीबाई येतात. परंतु नगर-मनमाड रस्त्यावर दुचाकीने वसुलीला निघालेल्या पस्तिशीच्या व्यापाऱ्यावरही हा प्रसंग येतो, आणि त्याची कथा निराळी असते. वृद्धांचे ठिसूळ हाड साध्या पडण्याने मोडते. तरुणाचे मोडण्यास मोठा आघात लागतो. अशा वेळी हाडवैद्याकडे नेण्यात एक दिवसही घालवू नये.

वृद्धांना बहुधा कृत्रिम सांधा बसवून लगेच उभे करतात. तरुणाला मात्र पुढची चाळीस वर्षे काढावयाची असतात आणि कृत्रिम सांधा झिजतो. म्हणून शल्यविशारद त्याचा स्वतःचा गोळा राखण्यासाठी स्क्रू घालून हाड जोडतात. खरी अडचण रक्तपुरवठ्याची. गोळ्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या हाडाच्या मानेलगत असतात. मान मोडली की त्याही दुखावतात. हाड जुळल्यावरसुद्धा वर्ष-दोन वर्षांनी गोळा निकामी होऊ शकतो. तेव्हा वेदना थांबल्या तरी तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. जांघेत नव्याने दुखू लागल्यास तारखेची वाटही पाहू नये. गोळा गेला म्हणजे सारे संपले, असेही नाही. अमेरिकेचा खेळाडू बो जॅक्सन याचा खुबा जानेवारी १९९१ मध्ये मैदानावर दुखावला, पुढे गोळा मृत झाला. कृत्रिम सांधा बसवून तो १९९३ मध्ये पुन्हा बेसबॉल खेळला.

पायावर भार केव्हा द्यावा, हे डॉक्टर ठरवतात. सहा ते बारा आठवडे कुबड्या सुटत नाहीत. आपल्याकडे धीर सुटतो तो इथेच. परिचयातील एका घरी दिवाळी तोंडावर आली म्हणून सहाव्या आठवड्यातच चिरंजीव गादीवर जाऊन बसले. स्क्रू सरकला, दुसरी शस्त्रक्रिया झाली. मग दुकान सूनबाईंनी सांभाळले; उधारीची वसुली पूर्वीपेक्षा बरी होते, असे आता सासरेच सांगतात.

मांडी घालणे, उकिडवे बसणे परवानगीशिवाय नको. सामायिक खुर्चीवर बसून होते. चौविहार पाळणाऱ्यांनी डाळी, मूग, दूध, पनीर दिवसाउजेडीच पुरेसे घ्यावे. ड आणि ब-१२ जीवनसत्त्वे तपासून घ्यावीत. अठ्ठाईसारखी तपस्या त्या वर्षी करावी की नाही, हे महाराजसाहेबांना व डॉक्टरांना विचारावे. मावा मात्र कोणालाही न विचारता सोडावा. तंबाखूने हाड जुळण्यास विलंब होतो.

आता माझ्या जुन्या धंद्यातले. मेडिक्लेम रुग्णालयाचे बिल देतो, बुडालेली कमाई देत नाही. वार्षिक २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जरूर असावी. परंतु तिचे २ लाख अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी आहेत, जुळणाऱ्या हाडासाठी नाहीत. वैयक्तिक अपघात विम्यात तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचे कलम घेतले असेल, तरच दर आठवड्याला ठरावीक रक्कम मिळते. आपली पॉलिसी आजच काढून ते कलम शोधावे. आणि पेढी एकाच्याच नावावर असेल तर खात्यावर सही करण्याचा अधिकार पत्नीस किंवा भावास आधीच लिहून द्यावा. मालक पलंगावर, चेकबुक कपाटात आणि पार्टी दारात, अशी वेळ मी काउंटरच्या पलीकडून पुष्कळदा पाहिली आहे.