साखर उतरली, वजनही उतरले

मागच्या उन्हाळ्यात सिंदेवाही भागातील एक धानाचे शेतकरी माझ्याकडे आले. वय ५२, मधुमेह ११ वर्षांचा. हातात कागदांची पिशवी आणि चेहऱ्यावर थोडे समाधान, थोडी काळजी. म्हणाले, "डाक्टरसाहेब, साखर तर उतरली, गोळी अर्धी केली. मग अंगात जीव काऊन नाही?"

मी त्यांना वजनकाट्यावर उभे केले. ४६ किलो. दोन वर्षांपूर्वीच्या कागदावर ५८ लिहिलेले होते. पायांवर सूज होती, दंड मात्र काडीसारखे झालेले. विचारपूस केली तेव्हा कळले की लघवीतून प्रथिने जातात असे कुणीतरी सांगितल्यापासून घरात त्यांच्यापुरती डाळ बंद, अंडे बंद, मासळी बंद. भात आणि वांग्याची पातळ भाजी, एवढेच जेवण. "किडनीला जोर पडू नये म्हणून," असे त्यांच्या पत्नीने सांगितले.

वाचकहो, हे एका घरापुरते नाही. मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला शेठ येतो, आणि म्हणून सल्लाही एकच मिळतो: कमी खा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात मात्र मधुमेहाचा रोगी पुष्कळदा हडकुळाच असतो. अशा माणसाला सरसकट "बंद करा, बंद करा" सांगणे हे माझ्या मते मूत्रपिंडाचे रक्षण नव्हे, उपासमार आहे.

आधी साखर का उतरली ते पाहू. शरीरातील इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या बाहेर टाकण्याचे काम बऱ्याच अंशी मूत्रपिंडे करतात. ती थकली की औषध अंगात जास्त वेळ रेंगाळते. त्यात पोटात अन्न कमी. म्हणजे साखर उतरली ती रोग बरा होत आहे म्हणून नव्हे, मूत्रपिंडे मागे पडत आहेत म्हणूनही असू शकते. मोहफुले वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला पहाटे गोळी घेऊन उपाशीपोटी निघालेला असा माणूस जंगलातच घाम येऊन कोसळू शकतो.

दुसरी फसगत क्रिएटिनिनची. हा पदार्थ स्नायूंतून तयार होतो. ज्याच्या अंगावर मांसच उरलेले नाही, त्याचे क्रिएटिनिन कमीच येते. धष्टपुष्ट माणसाचा १.१ हा आकडा आणि खंगलेल्या माणसाचा १.१ हा आकडा सारखा नव्हे. दुसऱ्याची मूत्रपिंडे बरीच बिघडलेली असूनही रिपोर्ट "नॉर्मल" म्हणतो. तिसरी गोष्ट खास आपल्या भागाची. इथे सिकलसेल आणि रक्तक्षय दोन्ही भरपूर. अशा रक्तात तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी चुकीचा आकडा देऊ शकते. शिवाय सिकलसेल स्वतःही मूत्रपिंडाला इजा करतो. म्हणून कागदावरील आकड्याआधी माणसाकडे पाहावे. तेही नीट, कारण अंगात पाणी साठले की वजन स्थिर दिसते आणि दंड मात्र बारीक होत जातो.

आता डाळीचा हिशेब. मूत्रपिंडे बिघडू लागलेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या मधुमेही व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने हवीत, हे आज सर्वमान्य आहे. हा हिशेब खंगलेल्या वजनावर नव्हे, योग्य वजनावर करायचा. आमच्या शेतकऱ्याचे योग्य वजन ५५ किलो धरले, तर गरज ४४ ग्रॅमची. दिवसभरात ३०० ग्रॅम तांदूळ पोटात गेला तर त्यातून साधारण २४ ग्रॅम मिळतात. दोन वाट्या वरणातून १२-१३ आणि एका अंड्यातून ६. बेरीज करून पाहा, गरजेएवढीच येते. म्हणजे जी डाळ आणि जे अंडे त्यांनी सोडले, ते जास्तीचे नव्हतेच. प्रथिने कमी करण्याचा सल्ला रोज मटण झोडणाऱ्यासाठी ठीक आहे. ज्याच्या ताटात मुळात जास्त नाही, त्याच्या ताटातून काढायचे काय?

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर का, याचे उत्तर जन्माच्या वजनात आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोलीच्या ३९ गावांतील नवजात बाळांची नोंद ठेवली. तेव्हा शंभरातील ४२ बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. आईच्या पोटात वाढ खुंटलेल्या बाळाच्या मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या चाळण्याच कमी तयार होतात, आणि त्या जन्मानंतर वाढत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीही दाखवून दिले की आपली बाळे वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबी तुलनेने जास्त आणि स्नायू कमी असतात. पुढे मधुमेहाला वाट इथूनच मिळते. १९९५-९६ ची ती पिढी आज तिशीत आहे. त्यांच्यापैकी ज्यांना मधुमेह होईल, त्यांच्या मूत्रपिंडांकडे राखीव साठा थोडाच असेल.

मग करावे काय? भाताचा ढीग कमी करा, पण ती जागा रिकामी ठेवू नका. डाळ, ज्वारीची भाकर, भाजी, जवसाची चटणी यांनी ती भरा. खाणाऱ्यांनी अंडे किंवा तलावातील ताजी मासळी घ्यावी. सुकट, लोणचे, पापड यांना हात आखडता घ्या, कारण दिवसाला सगळे मिळून एक लहान चमचा मीठ पुरे. रक्तदाब १३०/८० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न हवा. खर्रा सोडा. रोवणीनंतर कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी आणि कशाची आहे ते ठाऊक नसलेली पुडी, या दोन्ही गोष्टी मूत्रपिंडाच्या वैरी आहेत. आजार बराच पुढे गेला असेल तर डाळ, फळे, पालेभाज्या किती घ्यायच्या ते रक्ततपासणी पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. आणि डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिने कमी नव्हे, जास्त लागतात हेही लक्षात असू द्या.

एक मागणी आरोग्य यंत्रणेकडेही आहे. तीस वर्षांवरील सर्वांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम गावोगावी चालतो, तो चांगलाच आहे. पण मधुमेह सापडल्यावर प्रत्येक भेटीत वजनाची व दंडाच्या घेराची नोंद आणि वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन, एवढे तरी झालेच पाहिजे. मूत्रपिंड बिघडताना दुखत नाही, पहिली खूण लघवीतच सापडते. त्या वेळी सावध झालो तर मूत्रपिंडाला आधार देणारी औषधे आज उपलब्ध आहेत. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे आणि गरिबाला डायलिसिस मोफत मिळते, हे खरे. पण भामरागड, सिरोंच्याच्या आतल्या गावातून आठवड्याला दोन-तीनदा केंद्र गाठायचे, तर प्रवासाचे हाल आणि बुडालेली मजुरी कोणत्या योजनेत बसवायची?

त्या शेतकऱ्यांच्या गोळ्या आम्ही बदलल्या आणि घरातली डाळ पुन्हा सुरू केली. मूत्रपिंडे पूर्ववत झाली नाहीत, तशी ती होतही नाहीत. पण चार महिन्यांत सूज ओसरली, दंड भरला आणि ते बांधावर जाऊ लागले. आपल्या घरात मधुमेहाचे कुणी असेल, तर पुढच्या वेळी साखर किती हे विचारून थांबू नका. वजन किती आणि लघवी कधी तपासली, हेही विचारा.