नाचायला आमची मुले, झेंडा धरायला त्यांची?

२६ जानेवारी असो की १५ ऑगस्ट, आपल्याकडच्या कार्यक्रमाचा साचा ठरलेला आहे. आधी संचलन, मग ध्वजाला मानवंदना, पाहुण्यांची भाषणे आणि शेवटी ‘आदिवासी नृत्य’. भंडारदरा, शेंडी, घाटघर, रतनवाडीकडची महादेव कोळी आणि ठाकर मुले त्या नृत्यात असतात. बौद्ध वस्तीतली मुले खुर्च्या मांडतात. एनसीसीच्या गणवेशात ध्वजामागे कोण चालते, हे आपण कधी नीट पाहिले आहे का?

नृत्य ही आमची कला आहे, तिची आम्हाला लाज नाही. पण दरवेळी आमच्या वाट्याला तेवढेच का?

एका शाळेतला प्रसंग सांगतो. शाळेचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. नववीतल्या एका मुलीने तीन आठवडे कवायतीचा सराव केला. तिचा पाय कधी चुकला नाही. रंगीत तालमीच्या दिवशी तिला ध्वजपथकातून काढले. कारण दिले, उंची कमी पडते. आणि बूट जुने आहेत. आम्ही विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, “दिसायला पण बरं दिसलं पाहिजे ना!”

एनसीसीच्या कवायतीत एक हुकूम आहे: ‘लंबा दाहिने, छोटा बाएँ, कदवार!’ मुले उंचीनुसार उभी राहतात. पुढे रांगा जुळवताना उंच मुले दोन्ही टोकांना येतात, बुटकी मधे झाकली जातात. यात कोणाचा हेतू वाईट नाही, ही लष्करी रीत आहे. पण ज्या डोंगरात कुपोषण घरोघरी आहे, तिथे उंची म्हणजे नुसती उंची नसते. तिथे पोटाला काय मिळाले, त्याचीही ती मोजपट्टी असते. ध्वजपथक एकसारख्या उंचीचे हवे, हे मान्य. मग चार बुटकी मुलेही एकसारखीच असतात की!

‘तुम्ही या रांगेत बसत नाही’ हे आम्ही पहिल्यांदा ऐकत नाही. १८९० च्या दशकात इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’चे खूळ काढून महारांची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या पूर्वजांनी १८१८ साली कोरेगावला लढाई केली, त्यांना ‘लढाऊ नाही’ ठरवले. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. अखेर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. भरती म्हणजे फक्त पगार नव्हता. सुभेदार रामजी सकपाळ शिकले आणि शिक्षक झाले ते लष्करी शाळेमुळे. बराकीचे दार बंद झाले तेव्हा शाळेचेही एक दार बंद झाले.

एनसीसीचेही तसेच आहे. १९४८ च्या कायद्याने ती स्थापन झाली, पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. शाळेत दोन वर्षे प्रशिक्षण घेऊन ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देता येते, ‘बी’ आणि ‘सी’ महाविद्यालयात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत या प्रमाणपत्रांना अनुक्रमे २, ३ आणि ५ टक्के बोनस गुण मिळतात. एका गुणाने यादीतून बाहेर पडणाऱ्या मुलांना याचे मोल विचारा.

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, “एनसीसी म्हणजे हुकूम पाळणे. आपल्या पोरांना पुन्हा ‘जी हुजूर’ शिकवायचे का?” शंका रास्त आहे. पण शिस्त आणि गुलामी एक नव्हे. समता सैनिक दल बाबासाहेबांनीच उभे केले. तिथेही रांग होती, गणवेश होता. फरक इतकाच की रांगेत कोणी खालचा-वरचा नव्हता. ज्याच्या बापजाद्यांना पाटलापुढे वाकून उभे राहावे लागले, त्याच्या पोराने मैदानात छाती काढून ‘सावधान’ उभे राहणे ही साधी गोष्ट नाही. आणि याच अकोले तालुक्यातल्या राघोजी भांगरेंना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यांच्या मुलखातल्या पोरांना देशाचा ध्वज धरायला कोणाची शिफारस लागावी?

आता जागांचे पाहू. एनसीसीच्या तुकडीसाठी शाळांची प्रतीक्षायादी असते. ज्यांच्याकडे पैसा आहे त्या शाळांसाठी स्वयंअर्थसहाय्यित योजना आहे. आश्रमशाळेने तो पैसा कुठून आणायचा? २०२४ मध्ये केंद्राने ३ लाख जागा वाढवायला मंजुरी दिली, एकूण संख्या २० लाखांवर जाणार. त्यातल्या किती आमच्या डोंगरात येणार?

म्हणून पालकांनो, शाळा सुरू होताच मुख्याध्यापकांना लेखी विचारा: एनसीसीच्या निवडीचे निकष काय? ध्वजपथक कोण निवडते, कवायतीच्या चाचणीवर की चेहऱ्यावर? राजूरच्या प्रकल्प कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: किती आश्रमशाळांत तुकडी आहे, किती ठिकाणी मागणी केली? बूट-गणवेशाअभावी एकही मूल रांगेबाहेर राहणार नाही, हे शाळेकडून लिहून घ्या. तोंडी आश्वासने आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली.

ती मुलगी यंदा दहावीत आहे. उंची फारशी वाढलेली नाही. अर्ज मात्र तिने स्वतःच्या हाताने लिहिला आहे आणि तो द्यायला आम्ही तिच्यासोबत जाणार आहोत.

जय भीम! जय संविधान!