रस्ता गावाचा, वजन कोणाचं?



या महिन्यात आमच्याकडे जेवढे निरोप आले, त्यातले निम्मे ट्रकांचे आहेत. एका गावची मोरी दबली, आतले पाइप फुटले, आता पावसात पाणी अडून धानाच्या बांधीत घुसणार. दुसऱ्या गावात वळणावर ट्रक खाली उतरला तो थेट धुऱ्यावर जाऊन फसला, आणि क्रेन येईपर्यंत दीड दिवस एसटी बंद. तिसऱ्या गावच्या बाया सांगून राहिल्या की रोडच्या बाजूचा मोहा वेचणं सोडलं, फुलांवर लाल धूळ बसते, व्यापारी घेत नाही. म्हणून यावेळी दाव्यांवर न लिहिता रोडवर लिहितो. पुढं वाचाल तर दिसेल की रोडची गोष्टही फिरून जमिनीवरच येते.

आधी साधा हिशोब करू. ग्रामसडक योजनेतला डांबरी रोड साधारण पावणेचार मीटर रुंद असतो, कुठं कुठं तीनच. ट्रकला कायद्यानं २.६ मीटरपर्यंत रुंदी चालते, एसटीही तेवढीच. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर पाच मीटरच्या वर जागा पाहिजे, तीही अंगाला अंग घासून. म्हणजे कोणीतरी डांबर सोडून खाली उतरणार. भरलेला ट्रक उतरत नाही, बाजूचा मुरूम त्याला पेलत नाही, तो कलंडतो हे ड्रायव्हरला माहीत असतं. मग एसटी उतरते, मोटारसायकल उतरते, शाळेतून येणारी सायकलवरची पोरगी उतरते. बैलबंडी तर नालीतच जाते.

आता वजन. आपल्या आज्यांनी पेपर मिलचे बांबूचे ट्रक पाहिले, ते सहा चाकी होते आणि बांबू हलका. आज सुरजागडच्या पहाडावरून जो दगड उतरतो तो लोहा आहे. डाला अर्धा भरला तरी वजन पूर्ण होतं, आणि पूर्ण भरला तर विचारूच नका. सरकारनं २०१८ मध्ये ट्रकांची वजनमर्यादा वाढवली. दहा चाकी ट्रक आधी मालासकट २५ टनाचा चालत होता, तो २८.५ टनाचा झाला. कागदावर मर्यादा वाढली, पण आपल्या मोऱ्या आणि पूल त्या दिवशी काही जाड झाले नाहीत. रस्ते बांधणारे इंजिनिअर एक हिशोब धरतात: एका धुरीवरचं वजन दुप्पट झालं तर रोडची झीज दुप्पट नाही, जवळपास सोळापट होते. म्हणून बैलबंडी, ट्रॅक्टर, एसटी वर्षानुवर्षं चालूनही जो रोड टिकला, तो मोठ्या ट्रकांखाली एका हंगामात उखडतो. यात गावानं रोड वापरला म्हणून खराब झाला असं कोणी साहेब म्हणाला, तर त्याला हा हिशोब सांगा.

पुलाची गोष्ट रोडपेक्षा वाईट. रोड खराब होताना दिसतो, पूल दिसत नाही. पुरात पायाखालची रेती वाहून जाते आणि वरून डांबर चांगलंच दिसत राहतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात गेला, दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. ९ जुलै २०२५ ला गुजरातमध्ये मही नदीवरचा गंभीरा पूल भर सकाळी तुटला, त्यात ट्रक पण नदीत पडले. तो तर इंग्रजांचाही नव्हता, चाळीसेक वर्षांचाच. आपल्याकडं असे मोठे पूल कमी. आपल्याकडं रपटे आणि ठेंगणे पूल, जे दर पावसाळ्यात पाण्याखाली जातात. भामरागडच्या लोकांना पर्लकोटानं किती वेळा तोडलं हे त्यांनाच विचारा. पूर ओसरला की दुसऱ्या दिवशी पहिला ट्रक निघतो. खालून पूल कोणी पाहिला? आणि पुलावर जाम लागला तर एकाच्या मागं एक तीन ट्रक तिथंच उभे राहतात. तो पूल बांधताना कोणी असा विचार केला असेल असं आम्हाला वाटत नाही.

पण ड्रायव्हरबद्दल दोन शब्द लिहायलाच पाहिजेत, कारण गावात राग निघतो तो त्याच्यावर. तो बिहारचा असतो, झारखंडचा असतो, तेलंगणाचा असतो. त्याच्यातही आदिवासी आहेत. त्याला खेपेवर पैसे मिळतात, म्हणून तो रात्र-दिवस पळवतो आणि कॅबिनमध्येच झोपतो. किती भरायचं ते लोडिंगवाला ठरवतो, कधी पोचायचं ते मालक ठरवतो. नवा ड्रायव्हर मोबाईलच्या नकाशावर जवळचा रस्ता पाहतो आणि गावातून घुसतो. नकाशा त्याला अंतर सांगतो, मोरी किती जुनी आहे ते सांगत नाही. बोर्ड असला तरी मराठीत, तोही झाडाच्या फांदीमागं. २०१९ च्या जानेवारीत गुरुपल्लीजवळ एटापल्ली-आलापल्ली रोडवर ट्रक आणि एसटीची धडक झाली, चार जीव गेले, आणि लोकांनी ट्रक जाळले. लोकांचा राग आम्हाला कळतो. पण ट्रक जाळला की मालकाला विमा मिळतो, आपल्या पोरांवर केस लागते, आणि तारखेला जायला त्याच रोडनं जावं लागतं. ड्रायव्हरला मारू नका. त्याला थांबवा, पाणी द्या, आणि काट्याची पावती पाहू का म्हणून विचारा. नाही दाखवली तर गाडीचा नंबर लिहून घ्या.

कायदा आपल्या बाजूनं आहे, फक्त कोणी वापरत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५: रोड किंवा पूल कसा आहे ते पाहून, लोकांच्या सुरक्षेसाठी, सरकार किंवा सरकारनं अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या रोडवर जड गाड्या बंद करू शकतो, आणि बंद केल्यावर तसे बोर्ड लावणं त्याच्यावर बंधनकारक आहे. कलम १९४: जास्त वजनाची गाडी चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघंही दोषी. २०१९ च्या दुरुस्तीनं दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. तीन टन जास्त असेल तर २६ हजार. शिवाय जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. ‘चालवायला लावणारा’ हे शब्द लक्षात ठेवा. अर्जात ड्रायव्हरचं नाव नको, ज्यानं माल भरून पाठवला त्याच्यावर कारवाईची मागणी लिहा.

आता खरी भीती कशाची ते सांगतो. आपण ओरडलो की उत्तर येतं, ‘बरोबर आहे तुमचं, आपण रोड रुंद करू.’ ऐकायला गोड आहे. पण रुंदी कुठून येणार? रोडच्या दोन्ही बाजूला कोणाचा पट्टा आहे, कोणाचा दावा अजून उपविभागात अडकला आहे, कोणाचा मोहा उभा आहे. गावाचा रोड आपण ग्रामसभेत बसून दिला. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, रस्ता अशा १३ कामांसाठी जंगलजमीन देता येते, एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. ती जमीन गावाच्या सोयीसाठी दिली. खाणीचा माल नेण्यासाठी ३(२) नाही. त्याच कागदावर रुंदीकरणाची सही मागायला कोणी आलं तर ठराव वही बंद करा आणि लेखी मागा: रोड कोणासाठी, किती मीटर, कोणकोणत्या गटातून, किती झाडं. आणि कलम ४(५) सांगतं की दाव्यांचा निकाल पूर्ण लागेपर्यंत कोणालाही त्याच्या ताब्यातून काढता येत नाही. पट्ट्यातून दोन मीटर घेणं हेही काढणंच आहे, ‘थोडंसंच तर घेतो’ म्हटल्यानं ते वेगळं होत नाही.

काही जण म्हणतील, रोड रुंद झाला तर आपल्यालाच चांगलं, दवाखान्यात लवकर पोचू. आम्हालाही चांगला रोड पाहिजे. ॲम्ब्युलन्स ट्रकांच्या रांगेत उभी राहते हे आम्ही पाहिलं आहे. पण ॲम्ब्युलन्सला पावणेचार मीटर पुरतात, रोड रिकामा असला तर.

पावसाळ्याआधी करायचं काम असं. आपण बांबू विकतो तेव्हा वाहतूक परवाना ग्रामसभाच देते, गाडीचा नंबर आपण वहीत लिहितो. म्हणजे ट्रक मोजायची आपल्याला सवय आहे. प्रत्येक गावानं आठ दिवस, दिवसरात्र, आपल्या मोरीजवळ बसून मोजणी करावी: वेळ, नंबर, किती चाकी, भरलेला की रिकामा. ज्यांची शाळा सुटली आहे ती पोरं हे चांगलं करतील, त्यांना रिफ्लेक्टरवाल्या पट्ट्या देऊ, रोडच्या मधात कोणी उभं राहू नका. मोठ्यांनी पुलाखाली उतरून पाहावं: सळ्या उघड्या पडल्या का, जोडात झाड उगवलं का, पुलाच्या तोंडाशी रोड दबला का. मोबाईलवर फोटो घ्या, तारखेसकट. मग ग्रामसभेचा ठराव, त्यात चार मागण्या: पुलाची तपासणी, लाल गोलात वजनाचा आकडा असलेला बोर्ड (आकडा कोणत्याही भाषेच्या ड्रायव्हरला कळतो), शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी जड गाड्या बंद, आणि ओव्हरलोड माल खाणीच्या काट्यावरच उतरवणं. ठराव कलेक्टर, बांधकाम विभाग आणि आरटीओ तिघांना द्या. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका, साहेब जेवायला गेले असले तरी.

एक गोष्ट आपल्यासाठी पण. बोर्ड लागला तर तो आपल्या तेंदू आणि बांबूच्या गाड्यांनाही लागू राहील. ठेकेदाराला हे करार करतानाच सांगा, नाहीतर उद्या तोच आपल्या ठरावाची झेरॉक्स घेऊन फिरेल.

मोजणीच्या वह्या आणि पोच पावत्या पुढच्या इलाका बैठकीला घेऊन या. ज्या गावाकडे कोरी वही नाही, त्यांनी पत्रक वाटणाऱ्या पोरांकडून मागून घ्यावी.