समतोल कोणाचा, भार कोणावर?

सायकल शर्यतीत बक्षीस मिळविणाऱ्या शाळकरी मुलाचा सत्कार असला, की व्यासपीठावरून एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘या मुलाने अभ्यास आणि खेळ यांचा उत्तम समतोल साधला.’ टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ दिले जाते आणि पाहुणे मोटारीत बसून निघून जातात. ‘समतोल’ हा शब्द निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः तो एका सामाजिक जबाबदारीवर घातलेला पडदा आहे. तोल साधला तर श्रेय सर्वांचे, तोल गेला तर दोष एकट्या मुलाचा, असा हा सोयीस्कर हिशेब आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या नियमांप्रमाणे ज्युनिअर गट सतरा-अठरा वर्षांच्या स्पर्धकांचा असतो. आपल्याकडे हीच अकरावी-बारावीची वर्षे. ज्या दोन वर्षांत खेळातले भवितव्य ठरायचे, त्याच दोन वर्षांत बोर्डाचे आणि प्रवेशपरीक्षांचे जोखड मानेवर येते. रस्त्यावरील शर्यतीची तयारी करणाऱ्याला आठवड्याकाठी बारा-पंधरा तास सायकलवर काढावे लागतात. दिवसा रस्ता ट्रक आणि मोटारींच्या ताब्यात असल्याने हा सराव पहाटे, अंधारातच उरकावा लागतो. मग कॉलेज, मग क्लास, मग अभ्यास. तोडायला उरते ती झोप. आणि झोप तुटली की थकलेले स्नायू सावरत नाहीत व वाचलेला धडा ध्यानात राहत नाही. वर्गात डुलक्या घेणारा हा मुलगा आळशी नाही. तो दोन पाळ्या करणारा कामगार आहे आणि त्याच्या एकाही पाळीला वेतन नाही. मुलगी असेल, तर घरकामाची तिसरी पाळी आणि अंधाऱ्या रस्त्याची धास्ती यांची त्यात भर पडते.

आता पैशाचा प्रश्न. दीड लाख रुपयांची सायकल स्पर्धेच्या जगात साधीच समजली जाते. २०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे ही सायकल सुमारे ४८० दिवसांच्या मजुरीची झाली. वर्षाला शंभर दिवसांची हमी धरली, तर एका मजूर कुटुंबाने जवळजवळ पाच वर्षे काही न खाता काम करावे, तेव्हा ती दारात उभी राहील. टायर, खुराक, प्रवास आणि पडल्यावरचे औषधपाणी निराळेच. अशा स्थितीत एखादे गरिबाचे पोर मागून आणलेल्या सायकलीवर जिंकते आणि वृत्तपत्रे त्याची जिद्द रंगवून सांगतात. त्या जिद्दीला वंदन करावे. पण जी मुले सायकलीअभावी सुरुवातीच्या रेषेपर्यंतही पोहोचली नाहीत, त्यांची बातमी कोण छापणार?

शासन काहीच करत नाही, असे नाही. बोर्डाच्या परीक्षेत स्पर्धेच्या स्तरानुसार २५ पर्यंत सवलतीचे गुण मिळतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ‘खेलो इंडिया’ योजनेची २०१७ मध्ये फेरआखणी झाली, तेव्हा निवडक खेळाडूंना आठ वर्षांपर्यंत दरवर्षी ५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली. परंतु या सर्व तरतुदींचे मूळ सूत्र एकच: आधी यश, मग मदत. पीक हाती आल्यावर भाव देऊ, बियाणे आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः पाहावे, असे म्हणण्यासारखेच हे आहे. शिवाय पंचवीस गुणांनी गुणपत्रिका सजते, बुडालेले बीजगणित परत येत नाही.

आधी आधार दिला तर काय घडते, याचे उदाहरण देशातच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीतील ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ईसो अल्बेन, रोनाल्डो सिंग आदी भारतीय मुलांनी सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक जिंकले. अंदमान आणि मणिपूरकडची ही मुले सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या दिल्लीच्या अकादमीत घडली होती. गुणवत्तेची वाण नाही. वाण आहे ती अशा जागांची.

ही उणीव बाजारपेठ भरून काढील, असे काहींना वाटते. जेथे सायकल शर्यत हा मोठा धंदा आहे, त्या युरोपात बाजारपेठ काय करते ते पाहावे. बेल्जियमच्या रेम्को एव्हेनपूलने २०१८ मध्ये ज्युनिअर जागतिक विजेतेपदे मिळविली आणि २०१९ मध्ये तो थेट अव्वल व्यावसायिक संघात दाखल झाला. तेव्हापासून संघांची नजर शाळकरी वयाकडे अधिकच वळली. पायडलच्या एका फेऱ्यात ज्युनिअरची सायकल ७.९३ मीटरपेक्षा पुढे जाऊ नये, ही गिअरवरील जुनी मर्यादाही जानेवारी २०२३ पासून उठली. भरतीचे वय खाली सरकते, धोका मात्र मुलाच्या पदरात राहतो.

तथापि समाजवाद्यांनी येथे स्वतःलाही फसवू नये. पूर्व जर्मनीतील क्रीडाशाळांनी अभ्यास आणि सराव यांचे वेळापत्रक उत्तम जुळविले होते. पण १९७४ पासून त्याच राज्यसंस्थेने ‘१४.२५’ या सांकेतिक क्रमांकाच्या योजनेखाली अजाण मुलांनाही उत्तेजक द्रव्ये दिली. तेथील क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड याला जुलै २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरविले. मालक बदलला म्हणून मुलगा साधन होण्याचे थांबत नाही. बाजारपेठेला तो माल वाटतो, तेथे तो पदकांचे यंत्र ठरला.

दुसरी परंपराही आपल्याच चळवळीची आहे. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमला समाजवाद्यांचा क्लॅरियन सायकल क्लब स्थापन झाला. १८९६ मध्ये जर्मन कामगारांनी ‘सॉलिडारिटेट’ ही सायकलस्वारांची संघटना उभारली. नाझींनी १९३३ मध्ये तिच्यावर बंदी घातली, यावरून तिचे बळ ओळखावे. खेळ ही कामगाराच्या विरंगुळ्याची आणि संघटनेची बाब आहे, हे त्या पिढीला समजले होते. ‘आधी भाकरी, मग शर्यत’ म्हणणाऱ्या आपल्या मित्रांनी हे आठवावे.

मागण्या स्पष्ट असाव्यात. तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक सायकल क्लब हवा आणि सायकली क्लबच्या मालकीच्या हव्यात. पहाटेचे दोन तास एखादा रस्ता मोटारींना बंद हवा. वर्ष न गमावता बारावीची परीक्षा टप्प्याटप्प्याने देण्याची मुभा हवी आणि बुडालेले तास भरून काढणाऱ्या शिक्षकाला त्याचे वेतन हवे. शिबिरातील अल्पवयीन मुलाला प्रशिक्षकाच्या आधीन नसलेल्या कोणाकडे तक्रार करता यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खेळ सोडावासा वाटला तर तो अपमान न होता सोडण्याचा हक्क हवा. कारण बहुतेक मुले विजेती होणार नाहीत, आणि तरीही ती आपलीच मुले आहेत.

पुढच्या सत्कारात ‘समतोल’ हा शब्द उच्चारला गेला, की कार्यकर्त्यांनी उठून एकच प्रश्न विचारावा: या मुलाबरोबर ज्यांनी सुरुवात केली, ती बाकीची मुले आज कोठे आहेत?