कोयत्याच्या हिशेबाबाहेर

धारूरच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस निघणारे जोडपे मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ ठरते. त्याची उचल मोजली जाते, तोडलेल्या उसाचे टनही. चार-पाच लेकरांची आई फडावर जाण्याआधी पहाटे पाणी भरते, भाकऱ्या थापते, धाकट्याला पाजते. परतल्यावर पुन्हा चूल. हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नातही धरले जात नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७. (बहुतेक पुरुष ते करीतच नाहीत, हे निराळेच!) उरलेला भार थोरल्या मुलीवर पडतो आणि तिची शाळा सुटते. तेव्हा दरवाढीच्या वाटाघाटींत फडावरील पाळणाघराची मागणी टनाच्या दराइतक्याच आग्रहाने मांडली पाहिजे. तो साखरेचा उत्पादनखर्चच आहे.