शुभ्र बुरशीचा इशारा

नाशिकच्या एखाद्या द्राक्ष बागाईतदारापुढे 'बुरशी' हा शब्द काढून पाहा. त्याला लगेच भुरी आणि केवडा हे वेलीचे रोग आठवतील आणि फवारणीचा खर्चही! पण फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात एक बुरशी मुद्दाम वाढवली जाते.

तेथे गाईच्या दुधापासून कॅमेम्बेर नावाचे मऊ चीज करतात. दूध विरजून, रेनेटने घट्ट करून साच्यात निथळत ठेवतात. मीठ लावलेल्या सुमारे २५० ग्रॅमच्या चकतीवर मग 'पेनिसिलियम कॅमेम्बर्टी' ही बुरशी वाढते. ती पृष्ठभागावरील लॅक्टिक आम्ल खाते आणि तिची विकरे दुधातील प्रथिनांचे तुकडे करतात. त्यामुळे चकती बाहेरून आत मऊ होत जाते. वर उरते ते पांढरे, मखमली पुट.

हा शुभ्र रंग मात्र मूळचा नव्हे. पूर्वी या चकत्या करड्या, हिरवट, निळसर दिसत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस लोकांनी एक पांढरी जात निवडली. ग्राहकांना रंग आवडला, कारखानदारांना खात्रीचा माल मिळाला. तेव्हापासून त्याच एका जातीच्या प्रती काढल्या जात आहेत. भिन्न प्रकारांचे मीलन नाही, म्हणून गुणांची नवी सरमिसळही नाही. तिची बीजाणू तयार करण्याची शक्ती क्षीण होत असल्याचा इशारा २०२४ साली फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिला. बीजाणूच नसतील तर चकतीवर पेरायचे काय?

कोणी म्हणेल, फ्रान्समधल्या चीजशी आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्याकडील थॉमसन सीडलेस द्राक्षाची वेलही बियांपासून नव्हे, कलमांनी वाढवतात. म्हणजे बागेतील सगळ्या वेली एकमेकींच्या प्रतीच! एका वेलीला जो रोग सहज जडतो, तो सर्वांनाच जडू शकतो.

एकसारखेपणा सोयीचा असतो, हे मान्य. त्याशिवाय मोठा कारखाना किंवा निर्यात चालणार नाही. परंतु सोयीसाठी एक वाण निवडताना बाकीचे नष्ट होऊ देणे, हा शहाणपणा नव्हे. आज मागे पडलेल्या वाणातच उद्याच्या अडचणीवरचा उपाय असू शकतो. कॅमेम्बेरसाठीही शास्त्रज्ञ आता तिच्या भाऊबंद बुरशींकडेच पाहत आहेत.

हे वैविध्य तुमच्या घरातही आहे. पाच घरांतून विरजण आणा. उकळून कोमट केलेल्या एकाच दुधाच्या पाच वाट्यांत प्रत्येकी एक चमचा घाला. कोणते दही आधी लागते, कोणते अधिक आंबट होते, याची नोंद ठेवा. फरक आढळला, तर त्यामागे निरनिराळे जीवाणू असू शकतात. पाकिटातले दही सोयीचे खरे. पण म्हणून आजीचे विरजण मोडू देऊ नका.