फलकावर नाव लिहा, नाहीतर न्यायालयात भेटू

मुंबई महानगरपालिकेचे आयुक्त, जी उत्तर विभागाचे सहायक आयुक्त आणि 15 जानेवारी 2026च्या मतदानातून निवडून आलेले आमचे नगरसेवक यांना शिवाजी पार्क परिसरातल्या करदात्यांचा हा जाहीर इशारा. हा अर्ज नाही, निवेदनही नाही. निवेदनावर आवक क्रमांक पडतो, शिक्का बसतो आणि ते फायलीत झोपतं. याला मुदत आहे : आजपासून तीस दिवस.

तीस दिवस आम्ही हवेतून काढलेले नाहीत. 1888च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं 527 कलम म्हणतं, की पालिकेवर दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्या आणि एक महिना थांबा. माहिती अधिकारात उत्तर द्यायलाही तीसच दिवस आहेत. कायद्यानं तुम्हाला जेवढी उसंत दिली, तेवढी आम्हीही देतो. एकतिसावा दिवस आमचा.

मागणी साधी आहे. आमच्या पैशांतून होणाऱ्या प्रत्येक कामावर ते आखणाऱ्या, मोजणाऱ्या आणि त्याचं बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा लिहा. आणि ते काम बघायला माणूसच नेमलेला नसेल, खुर्ची रिकामी असेल, तर तेही त्याच फलकावर लिहा.

या शेवटच्या वाक्यानं तुम्ही अस्वस्थ व्हाल, हे ठाऊक आहे. खोदलेला रस्ता सगळ्यांना दिसतो, रिकामी खुर्ची कुणाला दिसत नाही. पण रस्ता पुन्हा पुन्हा खोदला जातो त्याचं मूळ त्या खुर्चीत असतं.

नोकरभरतीचंच घ्या. ऑगस्ट 2024मध्ये पालिकेनं कार्यकारी सहायकाच्या, म्हणजे पूर्वीच्या लिपिकाच्या, 1,846 पदांची जाहिरात काढली. अट काय, तर उमेदवार दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेला हवा. गिरणगावातल्या, चाळीतल्या, रात्रशाळेत शिकलेल्या मुलांनी काय करायचं? ओरड झाली, अट मागे घ्यावी लागली, सप्टेंबरात पुन्हा अर्ज मागवले. ही अट कुणाच्या डोक्यातून निघाली, कुणी टिपणी लिहिली, कुणी सही केली, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्यानंतर नोव्हेंबरात कनिष्ठ आणि दुय्यम अभियंत्यांच्या 690 पदांची जाहिरात आली. 690 अभियंते एका झटक्यात हवे झाले, याचा अर्थ ते आदल्या दिवशी निवृत्त झाले नव्हते. ती पदं साचत गेली होती, आणि ती साचत असतानाच शहरात हजारो कोटींच्या रस्त्यांचे कार्यादेश निघत होते.

जानेवारी 2023मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपये खर्चून चारशे किलोमीटरच्या आसपास रस्ते काँक्रीटचे करण्याचं काम पाच ठेकेदारांना वाटून दिलं. बीकेसीत भूमिपूजन झालं. त्यातलं शहर विभागाचं, म्हणजे कुलाब्यापासून आपल्यापर्यंतच्या भागाचं कंत्राट त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द करावं लागलं, कारण कामच सुरू होत नव्हतं. मग फेरनिविदा. दर्जा तपासायला आयआयटी मुंबईला बोलावलं. आयआयटीबद्दल आमची तक्रार नाही, ती माणसं शहाणी आहेत. प्रश्न असा, की ज्या पालिकेनं तानसाचं आणि वैतरणाचं पाणी या शहरात आणलं, तिच्या स्वतःच्या अभियंत्याला काँक्रीटचा थर मोजायला बाहेरचा माणूस का लागतो? उत्तर रिकाम्या पदांत आहे. उरलेल्यांकडे ‘अतिरिक्त कार्यभार’. वॉर्डाचा सहायक आयुक्त खरा तर लोकसेवा आयोगातून यायचा. तो आला नाही, की कार्यकारी अभियंत्याला त्या खुर्चीत बसवतात आणि त्याची स्वतःची खुर्ची मोकळी पडते. मग रस्त्यावर उभा राहतो तो ठेकेदाराचा सुपरवायझर. मोजणारा आणि मोजून घेणारा एकच.

हे आमच्या मनाचे खेळ नाहीत. नोव्हेंबर 2019 ते ऑक्टोबर 2022 या काळातल्या सुमारे 12,024 कोटींच्या कामांची विशेष तपासणी राज्य सरकारनं नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे सोपवली. मार्च 2023मध्ये अहवाल विधानसभेत मांडला गेला. त्यात आहे : 214.48 कोटींची 20 कामं निविदा न काढताच दिली. 4,755.94 कोटींच्या 64 कामांत ठेकेदाराशी करारनामाच झाला नव्हता. 3,355.57 कोटींच्या 13 कामांवर त्रयस्थ तपासनीसच नेमला नव्हता. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायची झाली तरी तीन कोटेशनं मागवतात आणि सेक्रेटरी सही करतो. करारनाम्याशिवाय पावणेपाच हजार कोटी! काम बिघडलं तर दाखवायचं काय, कुठलं कलम?

पैसा कमी पडतो, असं कृपा करून सांगू नका. 2025-26चा तुमचा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा होता. देशात दुसऱ्या कुठल्याही पालिकेकडे एवढा पैसा नाही. तुमच्याकडे कमतरता आहे ती माणसांची, आणि असलेल्या माणसांत जबाबदारी घेणाऱ्यांची.

आखणी हा तर वेगळाच अध्याय. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर 2022मध्ये बंद केला, पाडला, नवा बांधला, फेब्रुवारी 2024मध्ये एक बाजू खुली केली. तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल खाली आणि हा वर. दोन पूल, एकच पालिका, आणि दोघांची उंची जुळेना. मग व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेचा सल्ला घेतला, जॅक लावून बर्फीवाला वर उचलला. अभियांत्रिकी म्हणून ते कौतुकाचं असेलही. पण नकाशावर ही गोष्ट कुणाच्या लक्षात यायला हवी होती? त्याचं नाव सांगा.

दादरकरांना आखणी म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही. 1896च्या प्लेगनंतर 1898मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. त्यानं दादर-माटुंग्याची योजना आखताना आधी रस्ते आणि गटारं काढली, मग भूखंड दिले. झाडांच्या रांगा, घरांमधली मोकळी जागा, रस्त्यांच्या रुंदीचा हिशेब, हे सगळं घर उभं राहण्याआधी कागदावर होतं. 1933मध्ये तो न्यास पालिकेत विलीन झाला. म्हणजे आखणीचा तो वारसा कायद्यानं तुमच्याकडे आला, आणि आज तुम्ही आधी काँक्रीट ओतता आणि मग जलवाहिनी, मलवाहिनी, वीज, गॅस, केबल यांच्या चरांना परवानग्या देता. (चर बुजवण्याचं काम वेगळ्या ठेकेदाराकडे असतं हेही आम्हाला ठाऊक आहे. तो वेगळाच धंदा आहे.) काँक्रीटच्या रस्त्याचा दोषदायित्व कालावधी दहा वर्षांचा सांगता. एकदा कटर चालवला, की ती हमी कुणी पाळायची? ठेकेदार चराकडे बोट दाखवणार आणि चरवाला ठेकेदाराकडे.

आता मैदान. 1925मध्ये माहीम पार्क म्हणून खुलं झालेलं हे मैदान नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं 1927मध्ये शिवाजी पार्क झालं. एका नगरसेविकेनं सभागृहात उभं राहून ते करून घेतलं, हे नव्या नगरसेवकांनी लक्षात ठेवावं. शंभर वर्षं झाली, आणि या मैदानाची आजची ओळख काय? धूळ. मैदानात लाल माती टाकली, ती वाऱ्यानं उठते आणि घराघरात जाते. उपाय म्हणून पर्जन्यजल संधारणाचा प्रकल्प आला, पाणी शिंपडायची यंत्रणा आली, गवताचा बेत आला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं माती हटवायला सांगितलं. मग पुन्हा आयआयटीचा सल्ला. एवढ्या सगळ्या फेऱ्यांत एकच प्रश्न कुणी विचारला नाही : ती माती कुणाच्या आदेशानं आली? ती आणताना वाऱ्याचा, समुद्राच्या जवळिकीचा, भोवतालच्या वस्तीचा विचार कुणी केला? पहाटे फिरणारी म्हातारी माणसं, क्रिकेटच्या नेटवर घाम गाळणारी मुलं आणि मैदानाला लागून राहणारी घरं ही धूळ गिळतायत. आदेशावरची सही मात्र धुळीसारखी उडून गेली आहे.

तेव्हा तीस दिवसांत पुढच्या गोष्टी झाल्या पाहिजेत. जी उत्तरमधल्या प्रत्येक खोदकामावर मराठीत फलक : कामाचं नाव, कार्यादेशाची तारीख, पूर्ण होण्याची तारीख, रक्कम, ठेकेदार, दोषदायित्वाची मुदत आणि जबाबदार अभियंत्याचं नाव. विभागातल्या मंजूर, भरलेल्या आणि रिकाम्या पदांची यादी, पदनिहाय, हरिश्चंद्र येवले मार्गावरच्या वॉर्ड ऑफिसच्या दारात, अतिरिक्त कार्यभार कुणाकडे किती आहे त्यासह. पावसाळ्यानंतर कुठला रस्ता कोण कधी खोदणार याचं सगळ्या खात्यांचं एकत्र वेळापत्रक, आणि त्यात नसलेल्या खोदाईला परवानगी नाही. मैदानाच्या मातीबद्दल आयआयटीनं जे काही सांगितलं ते जसंच्या तसं जाहीर, त्यावर काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. यातल्या एकाही गोष्टीला निविदा लागत नाही. रंगाचा डबा आणि थोडी लाज लागते.

नगरसेवकांनो, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. 7 मार्च 2022ला सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं पालिका प्रशासकाच्या हाती होती. प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा एकच माणूस. तेव्हा तुमचे पक्ष ओरडत होते, की लोकशाही नाही, स्थायी समिती नाही, विचारणारं कुणी नाही. आता तुम्ही आलात. आता विचारा. पहिल्या दिवसापासून विचारा, आणि विकास निधीतल्या बाकड्यांवर स्वतःचं नाव रंगवण्याआधी विचारा. प्रभाग समितीत आणि सभागृहात कुणी कोणता प्रश्न विचारला, कुठल्या खर्चावर हात वर केला, ही नोंद आम्ही ठेवणार आहोत आणि ती दर महिन्याला मैदानाच्या कट्ट्यावर लावणार आहोत. त्यात पक्ष पाहिला जाणार नाही.

एकतिसाव्या दिवशी काय होईल, तेही आत्ताच ऐकून ठेवा, म्हणजे नंतर अचानक झालं असं म्हणायला नको.

एक, 527 कलमाखालची नोटीस टपालानं निघेल आणि तिची प्रत लोकायुक्तांकडे जाईल. दोन, माहिती अधिकाराचे अर्ज एकेका रस्त्यासाठी वेगवेगळे पडतील : मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, बिलं, तपासणी अहवाल, सही करणाऱ्याचं नाव. जे तुम्ही फलकावर फुकट लिहिलं नाहीत, ते तुम्हाला पानापानानं झेरॉक्स करून द्यावं लागेल. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुंबई उच्च न्यायालयानं 13 ऑक्टोबर 2025ला सांगितलं आहे, की खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं माणूस मेला तर वारसांना 6 लाख, जखमी झाला तर 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्या, आणि ती रक्कम जबाबदार अधिकाऱ्याकडून, ठेकेदाराकडून वसूल करा. हा आदेश आहे म्हणूनच आम्हाला नाव हवं आहे. नाव नसेल तर वसूल कुणाकडून करणार? आमच्याच करातून आम्हाला भरपाई देणार असाल, तर तो आदेशाचा खेळ झाला.

29 ऑगस्ट 2017ला प्रभादेवीच्या तुंबलेल्या रस्त्यावर घरी चालत निघालेले एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये गेले. दोन दिवसांनी त्यांचा देह वरळीला समुद्राकडे सापडला. 26 मे 2025ला पाऊस दोन आठवडे आधी आला, तेव्हा 31 मेपर्यंत काँक्रीट पूर्ण करण्याची तुमची मुदतच अजून संपली नव्हती. पाऊस तुमच्या वेळापत्रकाला विचारून येत नाही.

न्यायालयाचा रस्ता लांबचा आहे, आम्ही थकू, असं कुणाला वाटत असेल तर 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना विचारा. त्यांना कायम करायचं नाही म्हणून पालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि एप्रिल 2017मध्ये हरली. ज्यांच्या हाती झाडू होता, त्यांनी तुम्हाला दिल्लीत हरवलं. आमच्याकडे तर निवृत्त अभियंते आहेत, वकील आहेत आणि सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारून उरलेला वेळही आहे.

रहिवाशांनो, तुमचंही काम आहे. खड्ड्यात कुणी पडलं तर ताबडतोब जागेचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा, दवाखान्याची पावती आणि पोलिसांकडची नोंद फाडून टाकू नका. भरपाईच्या अर्जाला हेच कागद लागतात.